तीनशे शब्दांचा निबंध

निबंधाला शब्दमर्यादा असते, हे आपणांस परीक्षेमुळे ठाऊक आहे. १९ मे २०२४ रोजी मात्र ही शब्दमर्यादा पुण्यातील एका आदेशामुळे सर्वतोमुखी झाली. त्या पहाटे कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाने मद्यप्राशन केल्याचा आरोप होता. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना घातलेल्या अटींपैकी एक होती, रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. त्यावर लोकक्षोभ उसळला आणि काही दिवसांतच मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवले.

लोकांचा संताप स्वाभाविक होता. दोन जिवांच्या मोलाने एक कागद मागितला गेला होता. परंतु अनेक वर्षे निबंध शिकवणाऱ्या मला एक प्रश्न अस्वस्थ करीत राहिला: या विषयावर प्रामाणिकपणे तीनशे शब्द लिहायचे, तर त्यांत काय यावे?

'मद्यपान वाईट आहे' हे वाक्य कोणीही लिहील. त्याला गुण मिळतील. पण त्याने गाडीच्या किल्लीकडे जाणारा हात थांबणार नाही. म्हणून मी शरीराचा व्यवहार लिहीन. पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी मद्य आपला विवेक शिथिल करते. त्यामुळे 'मी अगदी ठीक आहे' ही त्या वेळची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम ठरवली आहे. ती ओलांडली की नाही, हे अंदाजाने कळत नाही. लिंबूपाण्याने वा कडक चहाने तरतरी वाटेल, रक्तातील मद्य मात्र उतरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते, हेही मी लिहीन.

महाविद्यालयीन वयात याला भिडेची जोड मिळते. 'चल, सोडतो तुला' या तीन शब्दांत माया असते आणि त्यांना नकार देणे हा मैत्रीचा अपमान वाटतो. मागे बसणारा, आपली गाडी देणारा, दारात निरोप देणारा, सारेच जाणून असतात आणि गप्प राहतात. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. येथे ती जिवावर बेतते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी या वयाची मुले असतील. त्यांना आजच, शांतपणे सांगून ठेवा: "कितीही रात्र होवो, फोन कर. मी न्यायला येईन. त्या रात्री एक शब्दही विचारणार नाही." आणि खरोखर फोन आला, तर हे वचन पाळा. मुले दुसऱ्यांदा फोन करतील की नाही, हे त्या रात्रीच्या आपल्या वागण्यावर ठरते.