शिमग्याच्या तोंडावर पेटलेला कोशिंब

मला हे आधी कोणी सांगितलं का नाही? चाळीस वर्षं मी मालवणला जातोय, गणपतीत आणि मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा हिरवंगार पाहून परततोय. मधल्या फाल्गुनात माझ्या आजोळच्या वाटेवर अख्खी झाडं लालभडक होतात, आणि मी इकडे मुंबईत ऑक्टोबर अखेरच्या श्रीनगरच्या विमानाची भाडी चाळत बसलेलो! का, तर म्हणे चिनार लाल झालेले टिपायचेत!

गेल्या मार्चच्या सुरुवातीला जमिनीच्या एका कागदावर सही करायला जावं लागलं. कसालच्या तिठ्यावर मालवणची एसटी धरली. कट्टा मागे पडलं, मी पेंगतोय, आणि एका वळणावर उतारावरच्या हिरव्या-करड्या गर्दीत एकच झाड पेटलेलं दिसलं. पळस म्हणावा तर पळस एवढा भरगच्च नसतो. पांगारा म्हणावा तर त्याच्या उघड्या फांद्या दिसतात. चौके आल्यावर उतरलो आणि भर उन्हात उलटा चालत गेलो. सही गेली खड्ड्यात.

झाडाखाली उभा राहून वर पाहिलं तर फूल एकही नाही. पानं! सगळी कोवळी पानं! ओल्या रेशमासारखी मऊ, अजून ताठ उभं राहायचं बळ न आलेली, खाली लोंबणारी. उन्हाच्या विरुद्ध धरलं तर पानातली शीर न् शीर दिसते. शेंड्याकडची पानं वाइनच्या रंगाची, त्याखालची तांब्याची, आणि आठवडाभर वडील असतील ती पोपटी व्हायला लागलेली. एकाच फांदीवर सगळा रंगपट.

संध्याकाळी मामीला फोनमधला फोटो दाखवला. तिने चष्मा न लावताच सांगितलं, "कोशिंब तो. शिमगो इलो काय असोच पेटता." बस्स, एवढंच. वर्षानुवर्षं दाराशी जे घडतं त्याचं कौतुक काय करायचं!

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. वाचायला लागलो तशी गंमत वाढत गेली. काश्मिरात पान म्हातारं होतं, थंडी पडते, हिरवं द्रव्य मोडीत निघतं आणि झाड लाल होतं. कोशिंबाचं उलटं. इथे पान जन्मालाच लाल येतं. हरितद्रव्य तयार व्हायला वेळ लागतो, तोवर हा लाल रंग फाल्गुनातल्या कडक उन्हात कोवळ्या पानाची छत्री होतो. शाळेत आम्हाला 'ऑटम' म्हणजे शरद असं शिकवलं होतं. कोकणात शरदात सड्यावरचं गवत तेवढं सोनेरी होतं, झाडाचं पान हलत नाही! आमची पानगळ माघ-फाल्गुनात, आणि तिला थंडी नाही, पाणी कारण. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही.

काश्मिरासारखं म्हातारपणचं लाल हवंच असेल तर तेही आहे. जानेवारीत किनाऱ्यावरचे बदाम पाहा. तळहाताहून मोठं पान, अर्धं किरमिजी, अर्धं हिरवं, मध्ये पिवळा ओघळ, आणि खाली पांढरी वाळू. कितीदा पायाखाली तुडवलंय मी ते!

तर यंदाचा बेत. शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, तिथून रिक्षाने नेरूरवरून धामापूर. 1530 साली बांधलेला हा तलाव, भोवती दाट झाडी, काठावर भगवतीचं देऊळ. वारा पडलेला असला तर प्रत्येक लाल झाड दोनदा मिळेल. (2020 मध्ये याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. गावकरी आधीपासून मान देतच होते.) दुपारी मामीकडे माशाची कढी आणि झोप, कारण गेल्या वर्षीचे दुपारी बाराचे फोटो सगळे वाया गेले. भर उन्हात लाल रंग नुसता थापल्यासारखा येतो, शिरा पुसून जातात. त्यामुळे उजेड सकाळचा किंवा चारनंतरचा, सूर्य पानाच्या मागे, एक्सपोजर थोडं खाली, आणि पानावरची चमक मारायला पोलरायझर. लेन्सचा कपडा दोन घ्यायचा. तांबडी धूळ कुणालाच सोडत नाही.

आता खरी मेख. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि कोशिंब आठ दिवसांचीसुद्धा नोटीस देत नाही. कुठल्या वर्षी फेब्रुवारी अखेरीस, कुठल्या वर्षी शिमगा उलटल्यावर. त्यात आंगणेवाडीची जत्रा! भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते, आणि ती जाहीर झाली की गाड्या भरल्याच म्हणून समजा. म्हणजे झाड आणि देवी, दोघांनाही कॅलेंडर मान्य नाही.

मी दोन शुक्रवारांची तिकिटं काढून ठेवली आहेत. एक रद्द होणार, होऊ दे. मामीला रोज फोन करतो. परवा वैतागून म्हणाली, "पातेरो बघूक मुंबैसून येतंस? ये तर. खळ्यात ढिगान पडलोहा, भाजावळीक जमवूक माणूसच गावना नाय." म्हणजे जुनी पानं गळायला लागली! मी विचारलं, आणि कोशिंब? पलीकडे खराट्याची खरखर थांबली. मामी बहुतेक दारापर्यंत जाऊन आली.

"शेंड्यार वायच तांबूस दिसता. पयल्या शुक्रवाराक ये. आणि येताना माका बटाटवडे हाड, दादरचे."