सुईशिवाय लस

मुलांनो, ‘उद्या शाळेत लस टोचायला येणार’ म्हटलं की पोटात गोळा येतो ना? माझ्या वर्गात तर कितीतरी हात लगेच पाठीमागे जातात! पण खरं सांगा, भीती लसीची असते की सुईची?

औषध शोधणं हे निम्मंच काम. ते शरीरात नीट पोचवणं, हे उरलेलं निम्मं. आपल्या पुण्यातही हे काम चालतं. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने करोनावर भारतातली पहिली एम-आरएनए लस बनवली. २०२२ साली तिला परवानगी मिळाली. एम-आरएनए म्हणजे पेशींना धाडलेली चिठ्ठीच : ‘शत्रूचा एवढा तुकडा बनवून पाहा आणि ओळखून ठेवा!’

ही चिठ्ठी भारी नाजूक. परदेशातली अशी एक लस सुरुवातीला उणे ७० अंशांवर ठेवावी लागे. खेडेगावात एवढी थंडी कुठून आणायची? म्हणून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी लस गोठवून, सुकवून तिची पूड केली. ती साध्या फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत टिकते.

२०२३ साली आलेली त्यांची ओमायक्रॉनवरची लस तर चक्क सुईशिवाय द्यायची होती! छोट्या यंत्रातून द्रवाची बारीक धार जोराने त्वचेत शिरते. शरीराच्या पहारेकरी पेशी तिथे भरपूर असतात.

ही लस मोठ्यांसाठी होती. तुमच्या बहुतेक लसी अजून सुईनेच मिळतात. भीती वाटली तर लाजू नका, पण लस चुकवू नका. आणि दंड चोळता चोळता विचार करा, सुईऐवजी आणखी काय करता येईल?