थरथर

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीची अडत चालविणाऱ्या अण्णांकडे अजून प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच असलेली. यंदा पावसाळाभर ती वखारीत उभी राहिली. दिवाळीनंतर कोल्हापूरच्या रस्त्यावर वेग ७० च्या घरात जाताच स्टिअरिंग थरथरू लागले. शेजारी बसलेल्या मुलाने घरी येऊन आईला हळूच सांगितले, “अण्णांचे हात कापतात.” त्या दिवसापासून किल्ली मुलाच्या कपाटात गेली.

अण्णा काही बोलले नाहीत. मात्र पावती लिहिताना ते स्वतःच्याच अक्षराकडे संशयाने पाहू लागले. चहाची बशी दोन्ही हातांनी धरू लागले.

गाडी विकण्याआधी दाखवून घ्यावी म्हणून मुलाने जुन्या मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी मुलालाच चालवायला बसविले. ५० पर्यंत सारे शांत होते. ७० ला त्याचेही हात कापू लागले.

“पुढच्या चाकाचा दोष हाताला कळतो, मागच्याचा बैठकीला,” एवढेच मिस्त्री म्हणाले.

फार दिवस उभ्या गाडीचे टायर तळाशी चपटे होतात, पण थोडे धावल्यावर बहुधा पूर्ववत होतात. येथे तसे झाले नाही. बॅलन्सिंगची वजने लावूनही थरथर उरली. अलाइनमेंट मुलाने आधीच करून घेतले होते. त्याने गाडीचे एका बाजूला ओढणे थांबते, ही थरथर नव्हे, आणि हा घोटाळा पुष्कळ गाडीमालक करतात. शेवटी चाक जॅकवर उचलले. बेअरिंगला ढिलाई नव्हती. डिस्कच्या कडेशी खडू स्थिर धरून मिस्त्रींनी चाक सावकाश फिरविले. खडू प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी टेकला. डिस्क वाकली होती. वजनांनी ती कशी सरळ व्हावी? मग त्यांनी टायरवरचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत, पण रबर १४ वर्षांचे, पार कडक झालेले.

हबवरचा गंज घासला गेला, स्टेपनीची सरळ डिस्क पुढे आली, टायर नवे आले. चाचणीला निघताना मुलाने किल्ली अण्णांपुढे धरली. शब्द मात्र त्याला सुचला नाही.

अंकलीचा पूल ओलांडल्यावर काटा ८० वर गेला. अण्णांनी एक हात स्टिअरिंगवरून उचलला आणि उगाचच चष्मा सारखा केला.