गुप्तहेराचा चेहरा

मागच्या महिन्यात सातवीच्या मराठीच्या तासाला मी मुलांना चित्रकथा करायला सांगितली. सहा चौकटी, एक नायक, एक खलनायक, संवाद मराठीत. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी धडा वाचायला मुलं कंटाळतात, पण कॉमिक म्हटल्यावर सगळी कामाला लागली.

एका मुलाची गोष्ट युद्धाची होती. खलनायक दिवसा किराणा दुकान चालवतो आणि रात्री शत्रूला बातम्या पोहोचवतो. गोष्ट चांगली जमली होती. फक्त त्या दुकानदाराला दाढी होती, डोक्यावर टोपी होती.

"हा असाच का रे?" मी विचारलं.

"टीचर, गुप्तहेर असाच असतो ना? पिक्चरमध्ये बघा."

त्याच्या अब्बांचं मीरा रोडला किराणा दुकान आहे. त्यांनाही दाढी आहे.

त्या दिवशी मला काही बोलताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलांना कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकाबद्दल सांगितलं. अंकावर तारीख मार्च १९४१ची. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी तो काढला, तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती. त्यात रेड स्कल नावाचा नाझी हस्तक लष्करी अधिकाऱ्यांचे खून करतो. शेवटी त्याचा लाल कवटीचा मुखवटा निघतो तेव्हा आत कोण असतो? जॉर्ज मॅक्सन, अमेरिकन लष्करासाठी विमानं बनवणारा प्रतिष्ठित कारखानदार. ज्याच्यावर कुणी संशय घेतला नसता, तोच.

ही झाली कॉमिकमधली गोष्ट. खऱ्या अमेरिकेत संशय चेहरा बघून घेतला गेला. १९४२ साली सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. दुकानदार, शेतकरी, शाळकरी मुलं. सरकारने माफी मागितली ती १९८८ साली.

मग मी त्यांना आपल्या गावातली गोष्ट सांगितली. मीरा रोडला राहणारे लेखक-चित्रकार आबिद सुरती. घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देणारे म्हणून काही मुलांना ते माहीत होते. इंद्रजाल कॉमिक्समधला बहादूर त्यांनीच निर्माण केला, हे मात्र एकालाही माहीत नव्हतं. १९७६चा बहादूर हा दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला. अशा मुलाला खलनायक करणं किती सोपं होतं! सुरतींनी त्याला लोकांचं रक्षण करणारा नायक केलं. लहानपणी रद्दीवाल्याकडून आणलेले ते अंक मी वाचायचे, तेव्हा ही गोष्ट लक्षातही आली नव्हती.

दोन दिवसांनी त्या मुलाने नवीन चित्र आणलं. दाढी गायब, टोपी गायब. आता खलनायक सूट-टायमधला होता. मला हायसं वाटलं, पण पूर्ण नाही. टाय लावणारा माणूसही कुणाचा तरी अब्बा असतोच.

मी म्हटलं, "बेटा, आधी त्याने काय केलं ते काढ. चेहरा नंतर."

तो थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. मग त्याने चेहरा खोडला आणि विचारलं, "टीचर, सोमवारी दिलं तर चालेल?"

म्हटलं, चालेल. घाई कसली?