निव्वळ वजन

माझ्या टेबलाच्या खणात, निवृत्तीच्या कागदपत्रांखाली, पत्र्याची एक चपटी डबी आहे आणि तिच्यात आगगाडीच्या जुन्या तिकिटाएवढी, जाड पुठ्ठ्याची एक चिठ्ठी कित्येक वर्षे पडून आहे. तिच्या एका अंगास कोण्या सिनेनटीचे, आता ओळखूही न येणारे चित्र असून दुसऱ्या अंगास भाग्योदयाची ग्वाही देणारे दोन ओळींचे हिंदी भविष्य छापले आहे, आणि त्या भविष्याच्या डोक्यावर, शाई विटत चाललेल्या आकड्यांत, ३९ असे वजन आहे. दुर्ग स्थानकाच्या फलाटावरील, रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या त्या यंत्रावर १९७९ च्या मे महिन्यात मी उभा राहिलो तेव्हा माझे वय अठरा होते, उंची साडेपाच फूट होती, नागपूरला आत्याकडे लग्नासाठी निघालो होतो, आणि बरोबर घेतलेली सुरई गाडी येण्यापूर्वीच एकट्याने रिकामी करूनही माझा घसा कोरडाच होता.

आत्याने दारातच कपाळाला हात लावला. “काय वाळला रे बापू तू! भिलाईत खायला नाही भेटत का?” असे म्हणून तिने बुंदीचा लाडू माझ्या तोंडात कोंबला, आणि माझे वाळणे हा जणू तिच्या माहेरचाच अपमान असावा अशा आवेशाने पुढचे तीन दिवस लाडू, सरबत आणि आमरस यांचा माझ्यावर भडिमार केला. चौथ्या दिवशी मी निपचित पडलो. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकून ती परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, तेव्हा उकळी फुटताच ते निळे हिरव्यावर, हिरव्याचे पिवळ्यावर आणि पिवळ्याचे थेट विटेच्या रंगावर गेले; आणि गेले दोन महिने मी जे जे खात होतो ते माझ्या अंगी न लागता कोठे जात होते, याचा उलगडा त्या नळीच्या तळाशी साचलेल्या तांबड्या गाळाने सर्वांसमक्ष केला.

वजनाविषयीची आपली भाषा बहुधा दुष्काळाने घडविली असावी. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे माणूस जाड झाला आणि ‘तब्येत उतरली’ म्हणजे तो बारीक झाला, हे मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाही. अंग धरणे, मूठभर मांस चढणे हे सगळे वाक्प्रचार कौतुकाचे. आणि त्यांतही ‘बाळसे’ या शब्दाची तर गोडीच वेगळी. रोज सकाळी काचेची पिचकारी उकळून इन्शुलिन टोचण्याचा परिपाठ सुरू झाल्यावर दोन महिन्यांत माझे वजन ३९ वरून ५२ वर गेले, तेव्हा आईने शेजारणींना ‘आता बाळसं धरलंय त्यानं’ असे सांगितले. मिसरूड फुटलेल्या मुलाच्या संदर्भात तो शब्द हास्यास्पद होता खरा, पण त्याहून अचूक शब्द मला वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात पुढे आढळला नाही.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा भेद ठाऊक होता. प्रमेहाचा एक रोगी स्थूल आणि बलवान, तर दुसरा कृश आणि दुर्बल असतो. पहिल्याचे शोधन करावे, दुसऱ्याचे बृंहण, म्हणजे त्याला पुष्ट करावे, असे चरकसंहितेचे सांगणे आहे. सुश्रुतानेही जन्मजात प्रमेह आणि अपथ्यातून उद्भवलेला प्रमेह असे दोन वर्ग केले व पहिल्यातील रोगी कृश असतो हे नमूद केले. पण त्याच सुश्रुताने निर्धन रोग्याला अनवाणी, छत्रावाचून, भिक्षा मागत शंभर योजने चालावयास सांगितले आहे, आणि लोकांनी नेमके तेवढेच लक्षात ठेवलेले दिसते. कारण मला मधुमेह आहे असे कळताच ‘चालत जा, भात सोडा, वजन उतरवा’ असा त्रिसूत्री उपदेश न करणारा गृहस्थ मला आजवर क्वचितच भेटला. ज्याच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशी स्वतःच्याच शरीराने नष्ट केल्या आहेत त्याला असा उपदेश करणे म्हणजे दरोडा पडलेल्या घरधन्याला काटकसर शिकविण्यासारखे आहे.

इन्शुलिनपूर्व काळात हा उपदेशच उपचार होता, हे विसरता येत नाही. अमेरिकेत डॉ. ॲलन यांच्या पद्धतीने अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगविले जाई. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या इस्पितळात ज्याला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले तो लिओनार्ड थॉम्प्सन चौदा वर्षांचा होता आणि त्याचे वजन ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज ही इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्यापुढे आली ती पंधरावे वर्ष पुरे होण्याच्या बेतात असून सुमारे ४५ पौंडांची, म्हणजे वीस किलोंची होती. तिनेही बाळसे धरले, संसार केला, आणि ती वारली १९८१ साली, माझ्या पहिल्या सुईनंतर दोन वर्षांनी. मी तिचे छायाचित्र पाहतो तेव्हा मला ३९ ची ती चिठ्ठी आठवते.

आता थोडे माझ्या चाकरीविषयी. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत सरकारशी करार झाला १९५५ च्या फेब्रुवारीत आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पेटली १९५९ च्या फेब्रुवारीत. या दोहोंच्या दरम्यान वडील वर्धा जिल्ह्यातून कारकुनीसाठी येथे आले. मी काट्यावर लागलो. दल्ली-राजहऱ्याहून लोहखनिजाने भरून येणारी प्रत्येक वाघीण (वॅगनचे वाघीण करणाऱ्या मराठी माणसाला दंडवतच घातला पाहिजे) रुळांखालच्या काट्यावर उभी करावयाची, एकूण वजनातून तिच्या पोलादी कुशीवर रंगविलेले रिकामेपणीचे वजन वजा करावयाचे आणि निव्वळ मालाची नोंद दप्तरी करावयाची, हे काम मी तिन्ही पाळ्यांत मिळून तेहेतीस वर्षे केले. आमच्या गावी वजन हा अवगुण नव्हे. येथे घडणाऱ्या रुळाची जातच दर मीटरमागे किती किलो यावरून ठरते, बावन्न किलोचा की साठ किलोचा. आणि चाळिशीच्या आत मी एका आकड्यावरून दुसऱ्यावर गेलो तेव्हा सहकाऱ्यांनी ‘आता यावरून राजधानी जाऊ शकेल’ असा शेरा मारला होता.

साठाच्या पुढचा मामला मात्र विनोदाचा राहिला नाही. १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील दीर्घ परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसातून तीनचार वेळा इन्शुलिन घेऊन साखर शक्य तितकी प्रकृत पातळीजवळ राखली, तर ज्यांचे डोळे आधी निकोप होते त्यांना दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले; आणि त्याच अहवालाच्या काहीशा आतल्या पानावर अशी नोंद होती की या काटेकोर उपचाराखालील माणसे पाच वर्षांत इतरांपेक्षा सरासरी ४.६ किलोंनी अधिक जड झाली. माझे डॉक्टर त्या मार्गास लागले ते नव्या शतकाच्या आरंभी, आणि मी त्या सरासरीचा मान राखला नाही. साडेचार वर्षांत अकरा किलो चढलो, ७९ झालो.

हिशेबनीसाला यात गूढ काही नाही. रक्तातील साखर १८० च्या आसपासची मर्यादा ओलांडू लागली की मूत्रपिंडे ती बाहेर टाकू लागतात, आणि शंभर ग्रॅम साखर अशी गेली तर चारशे कॅलरी परस्पर गेल्या. वर्षानुवर्षे माझ्या खतावणीत ही गळती खर्ची पडत होती व मी मात्र तेवढ्या अधिक अन्नाची सवय लावून बसलो होतो. गळती बंद झाली, सवय राहिली. शिवाय भीतीचे खाणे निराळेच. रात्रपाळीत, मालगाडी काट्यावर येत असताना, आकडे दुहेरी दिसू लागणे, बनियन घामाने भिजणे, ओठ बधिर होणे, ही साखर सत्तरीखाली घसरल्याची लक्षणे. अशा वेळी पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे हा नियम. परंतु थरथरणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटे म्हणजे केवढा काळ, हे नियम लिहिणाऱ्याने अनुभवलेले नसते. मी ग्लुकोज घेई, वर बिस्किटांचा पुडा संपवी, त्यावर केळे, आणि नंतर पुढच्या खेपेस हे घडूच नये म्हणून पाळीच्या आरंभीच अर्धा डबा आगाऊ खाऊन घेई. या खाण्याला जिव्हालौल्य म्हणणाऱ्याशी मी वाद घालीत नाही.

२००८ साली पुतणीचे लग्न निघाले, पुन्हा नागपुरातच, आणि शिवून आणलेला कोट पोटावर बसेना. त्या महिन्यात मी जे केले ते सांगावयास आजही संकोच वाटतो. इन्शुलिन घटवले की वजन उतरते, हे मला अठराव्या वर्षापासून माहीत होते. डॉक्टरांना न विचारता मी मात्रा चोरू लागलो. तीन आठवड्यांत पाच किलो गेले. लग्नात सर्वांनी वाहवा केली. नव्वदीला टेकलेल्या त्याच आत्याने, जिने मला वाळलेला पाहून एकदा कपाळाला हात लावला होता, काळानुसार आपला शब्दकोश बदलला होता; ती हात धरून म्हणाली, “छान बारीक झालास रे बापू, असाच राह्य.” त्यावेळीही सुरई मीच रिकामी करीत होतो, हे तिच्या ध्यानात आले नाही. परतल्यावर तिसऱ्या रात्री उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जलद चालू लागला, आणि त्याला येणारा नासक्या फळासारखा वास बायकोने ओळखला. सेक्टर नऊच्या इस्पितळात सलाइन आणि इन्शुलिनच्या आधारावर दोन रात्री काढल्या. घरी आल्यावर आठवड्याच्या आत पाचांपैकी चार किलो परत आले होते.

हे चार किलो काय होते हे कळावयास मला माझे कामच उपयोगी पडले. पावसाळ्यात खनिज जड भरते. काट्यावर वाघीण टनांनी अधिक दिसते, पण ते पाणी असते, लोखंड नसते. म्हणून नमुना घेऊन, तो वाळवून, ओलाव्याची वजावट करावी लागते आणि मगच निव्वळ आकडा दप्तरात चढतो. मी मूर्खपणाने जे उतरविले होते त्यात बरेचसे पाणी आणि काही मांस होते, चरबी थोडीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले छायाचित्र मी पुढे पाहिले: उंचीशी वजनाचे प्रमाण दोघांचेही २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांविषयी एकच साक्ष देत होता. तेहेतीस वर्षे काट्याची भाकरी खाल्लेला माणूस मी. तरी सांगतो की काट्याला एकूण तेवढे कळते, निव्वळ कळत नाही.

त्यानंतर मी वजन उतरविले नाही असे नाही. पण रीतसर, डॉक्टरांना पुढ्यात बसवून. आधी बिस्किटे गेली व खिशात मोजक्या ग्लुकोजच्या गोळ्या आल्या. मग ज्या प्रदेशाला धानाचा कटोरा म्हणतात तेथे राहून मी भात तोलू लागलो. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके, हा हिशेब शेजारच्या छत्तीसगढी वहिनींना इतका विनोदी वाटला की उन्हाळ्यात त्यांनी पाठविलेल्या बोरे-बासीच्या वाटीवर, पाण्यासकट तोलावयाचे की निथळून, असा सवाल त्या अजूनही करतात. अन्न घटले तशी इन्शुलिनची मात्रा घटली. क्रम हाच, उलटा नव्हे. पहाटे मैत्रीबागेच्या दिशेने चालावयास निघतो तेव्हाही आधी बोटाला सुई, साखर शंभराच्या आत असेल तर आधी काही खाणे, आणि वजन घटविण्याकरिता चालणाऱ्या माणसाने चालण्याकरिता खावे यातील विसंगती पाहून हसणाऱ्या मित्राला रामराम. चौदा महिन्यांत पाच किलो उतरले. कोट अजूनही बसत नाही, तो भाच्याला देऊन टाकला.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच रांगेतील एका मराठी कुटुंबातील अकरा वर्षांच्या मुलीला हाच आजार निघाला. तिची आई एके संध्याकाळी येऊन बसली, चहा निवू दिला, आणि मुलगी अंगणात गेल्यावर हळूच म्हणाली, “काका, या इंजेक्शनांनी जाड होते म्हणतात. मुलीची जात आहे, थोडं कमी घेतलं तर नाही का चालणार?” मी खण उघडून ती डबी काढली, पुठ्ठ्याची चिठ्ठी तिच्या हातावर ठेवली आणि कोटाची हकिगत, आत्याच्या दोन्ही वाक्यांसह, पहिल्यांदाच कोणा परक्याला अथपासून इतिपर्यंत सांगितली. ती बराच वेळ तो आकडा पाहत होती. मुलीचे वजन तेव्हा २६ किलो होते. दिवाळीनंतरच्या तपासणीत ते ३१ भरले.