सोळाशे मीटर

पोलिस भरतीत मुलांना 1600 मीटर पळावं लागतं. पाच मिनिटं दहा सेकंदांत संपवलं तर वीसपैकी वीस गुण. महाळुंगे पडवळमध्ये मी ज्या पोरांकडून सराव करून घेतो त्यांच्या डोक्यात म्हणून दिवसभर एकच आकडा: पाच-दहा. "सर, पाच-चारला बसलं!" घड्याळ माझ्या नाकासमोर नाचवत एखादा ओरडतो. बसलं खरं, पण किती मीटरला?

मनगटावरचं घड्याळ अंतर मोजतच नाही. आपण या क्षणी कुठे आहोत याचा ते अंदाज बांधतं आणि असे ठिपके जोडत जातं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटरवर. तिथून निघालेली लहर पोचायला किती वेळ लागला त्यावरून सगळा हिशेब. सेकंदाचा अब्जावा भाग चुकला तर 30 सेंटिमीटरचा फरक. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोनसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे सरकतो. ठिपके असे डावी-उजवीकडे पडले की सरळ रस्त्याची रेघ नागमोडी होते आणि लांबी वाढते. पोरगं 1560 मीटरवर असताना घड्याळ 1600 झाल्याचं सांगून मोकळं. त्या पाच-चारचे खरे पाच-बारा होतात. गेले पूर्ण गुण! वळणावर याच्या उलट: ठिपके विरळ असले तर घड्याळ कोपरा कापतं, आणि पळालेलं अंतर कमी दिसतं.

त्यात आमच्याकडे ऊस. बिबट्याच्या धास्तीनं अंधारात कुणी उसाच्या कडेनं पळत नाही, उजाडायची वाट बघतात. पण डोक्यावर गेलेला, दवानं ओला ऊस दोन्ही बाजूंनी असला की आभाळाची फक्त एक पट्टी उरते. कडेचे उपग्रह पानांआड जातात आणि डोक्यावरच्या दोन-चारांवर भागवावं लागतं. शिवाय घाई. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा पाठवतो, ती नीट मिळेपर्यंत मोकळ्यात उभं राहायला हवं. एवढं थांबतंय कोण? बटण दाबलं की सुटले.

एकानं दोष थेट खोडदवर ढकलला. तिथे, जुन्नर तालुक्यात, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत. सगळ्या मिळून 30. त्यांच्यामुळे म्हणे घड्याळं बिघडतात. त्या बिचाऱ्या नुसतं ऐकतात, स्वतः काही पाठवत नाहीत. नव्या घड्याळांना उपयोगी पडणारी जीपीएसची 1176.45 मेगाहर्ट्झची लहर त्यांच्या ऐकण्याच्या पट्ट्यात येते. म्हणजे गाऱ्हाणं असलंच तर खगोलशास्त्रज्ञांचं!

मॅरेथॉनचा मार्गही कुणी घड्याळानं मोजत नाही. सायकलच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावतात, आधी फितीनं मोजलेल्या अंतरावर ती सायकल पारखून घेतात आणि वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटरवरून चालवतात. वर हजार मीटरमागे एक मीटर जादा धरतात. अंतर कमी भरलं तर विक्रम बाद होतो, म्हणून.

आमच्याकडे फीत आणि फक्की. मैदानावर 200 मीटरचा गोल आखला आहे, आतल्या रेघेच्या 20 सेंटिमीटर बाहेरून मोजून. आठ फेऱ्या. फक्की पावसानं वाहून जाते, म्हणून सुरुवातीला आणि वळणांच्या टोकांना खुंट्या ठोकल्यात. घड्याळ हातात राहू दे, पण फक्त वेळेपुरतं. त्यातला चालू वेग तर मी बघूच देत नाही, ठिपक्यांच्या अंतरापेक्षाही तो जास्त उड्या मारतो. पाच-दहा हवं तर एक फेरी पावणेएकोणचाळीस सेकंदांत व्हायला हवी. पहिल्या दोन बत्तिसात येतात, जोश असतो. पाचवी-सहावी एक्केचाळीसवर जाते, जवळजवळ सगळ्यांची. आमचा वाद आता त्या दोन फेऱ्यांवर चालतो.