नजर आधी दाराकडे गेली

कावासाकीतल्या शिन-कावासाकी स्थानकापासून थोडे चालले की कासेयामा टेकडी लागते. तिच्यावरचे युमेमिगासाकी प्राणी उद्यान लहानसेच आहे आणि प्रवेशही फुकट. इथले लाल पांडे आणि लेमूर पाहताना, ह्यांना कालचा दिवस आठवत असेल का, असे हटकून मनात येते.

रोजच्या सवयीची स्मृती वेगळी. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल घर गाठतात. त्यासाठी त्यांना कालची फेरी आठवावी लागत नाही. पलीकडे तोक्योत हाचिको कुत्रा 1925 साली मालक वारल्यावरही 1935 पर्यंत शिबुया स्थानकावर येत राहिला. पण त्याला मालकासोबतची एखादी विशिष्ट सकाळ आठवत होती, की पाय नेमाने तिकडे वळत होते? पुतळा मात्र तो जिवंत असतानाच, 1934 साली उभा राहिला. निष्ठेची आपल्याला भारी हौस.

खरी कसोटी एकदाच घडलेल्या प्रसंगाची. 2015 साली फुमिहिरो कानो आणि सातोशी हिराता यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी चिंपांझी आणि बोनोबो यांना एक छोटी फीत दाखवली. दोन दारे, त्यांतल्या एकातून वानराचा वेश घेतलेला माणूस अचानक येतो आणि हल्ला करतो. चोवीस तासांनी तीच फीत पुन्हा लावली, तेव्हा तो बाहेर पडायच्या आतच त्यांची नजर नेमक्या दाराकडे गेली. दृश्य पाहिले होते एकदाच! त्याआधी, 1998 साली, निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांना दिसले की स्क्रब जे पक्षी काय, कुठे आणि केव्हा लपवले याचा हिशेब ठेवतात. बराच काळ लोटला की नासणाऱ्या अळ्या सोडून ते शेंगदाणे शोधतात.

युमेमिगासाकी हे नाव स्वप्नावरून पडले. सामुराई सरदार ओता दोकान इथे किल्ला बांधणार होता, पण स्वप्नात पक्ष्याने शिरस्त्राण पळवले म्हणून त्याने बेत सोडला, अशी आख्यायिका. दोकानचे स्वप्न कोणीतरी सांगितले म्हणून उरले. उंदीर काही सांगत नाहीत. पण झोपेत त्यांच्या मेंदूत जागेपणीच्या धावण्याचाच नमुना उमटतो, असे 2001 साली एमआयटीत दिसले.

‘तेव्हा तिथे मीच होतो’ ही जाणीव स्मृतीचे अभ्यासक एंडेल टल्व्हिंग माणसापुरतीच मानत. प्राण्याला विचारायची सोय नाही, एवढ्यावरून ती नाहीच म्हणणे मला पटत नाही. पण एवढे नक्की की भीतीचा एकच प्रसंग काही प्राण्यांच्या ध्यानात राहतो. तेव्हा पिंजऱ्यावर टकटक करणाऱ्या पोरांना आधी थांबवा.